दोनावर एक फ्री, पण तिसऱ्याचे पैसे कोण भरतं?

ताई, आमच्याकडे सध्या एकाच गोष्टीवरून दोन भांडणं चालू आहेत. पहिलं माझ्या घरात. सुपरमार्केटमध्ये 'दोनावर एक फ्री' अशी पाटी दिसली की ह्यांना पुढचं काही दिसत नाही. बाथरूमच्या कपाटात टूथपेस्टच्या अकरा ट्यूबा आहेत आणि आम्ही माणसं दोन. दह्याचे डबे तारीख उलटली की मी गुपचूप टाकून देते. बोललं की म्हणतात, 'अगं, पैसे वाचवलेत मी!' दुसरं भांडण माहेरी. माझा धाकटा भाऊ हात धुण्याचा लिक्विड साबण बनवतो, सात-आठ माणसांचा छोटा धंदा आहे. एका मोठ्या सुपरमार्केटने त्याला सहा आठवडे 'दोनावर एक फ्री' लावायला सांगितलंय. सूट अर्धी त्याने सोसायची, अर्धी त्यांनी. त्याने मला हिशेब सोपा करून दिला: दुकानात बाटली १०० ला विकली जाते असं धर, त्यातले मला ६० मिळतात आणि माझा सगळा खर्च ४५. ह्यांचं म्हणणं, माल धडाधड जाईल, नाव होईल, डोळे मिटून हो म्हण. भाऊ मात्र रात्र रात्र जागतोय. या स्कीमनी खरंच कुणाचं भलं होतं? घेणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं, की फक्त दुकानाचं?
– दोन्हीकडून कात्रीत सापडलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमची दोन भांडणं मुळात एकच आहे. तुमचे 'हे' त्या पाटीच्या अलीकडे उभे आहेत आणि भाऊ पलीकडे, एवढाच फरक. निकाल आधी सांगते, कारणं मागून. टूथपेस्टवरून यजमानांना माफ करा. दह्यावरून करू नका. आणि भावाला सांगा, आहे या अटींवर नाही म्हण.

दह्याचं आधी उरकू, कारण त्यात फारसा वाद नाही. दोनावर एक फ्री म्हणजे तीन डबे दोनाच्या पैशात, सूट ३३ टक्के. पण ती तिन्ही डबे पोटात गेले तरच. एक डबा केरात गेला की तुम्ही दोनाचे पैसे देऊन दोन खाल्ले, बचत शून्य. दोन गेले तर एका डब्याला दुप्पट किंमत मोजली. म्हणजे यजमानांनी 'वाचवलेले' पैसे तुम्ही गुपचूप कचऱ्यात टाकताय आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. हे गुपचूप टाकणं आधी थांबवा. तारीख उलटलेला डबा त्यांच्याच हातून टाकला जाऊ दे. माझ्या अनुभवात भाषणांपेक्षा हा उपाय जास्त चालतो.

नासणाऱ्या मालावर अशी स्कीम लावण्यात गडबड आहे, हे मोठ्या दुकानदारांनाही कळलेलं आहे. ब्रिटनमधल्या टेस्कोने २०१३ मध्ये आपल्याच मालाच्या नासाडीचा हिशेब मांडला, तेव्हा पिशवीतून विकण्यासाठी पिकवलेल्या सॅलडच्या पानांपैकी ६८ टक्के शेतापासून घरापर्यंत कुठे ना कुठे वाया जात असल्याचं निघालं. त्यानंतर त्यांनी सॅलडच्या मोठ्या पिशव्यांवरची अशी योजना बंद केली. सेन्सबरीज या साखळीने तर २०१६ मध्ये 'इतके घ्या, तितके वाचवा' हा प्रकारच गुंडाळायचं जाहीर केलं. त्यांनी दिलेल्या कारणांत घरात साठवायला जागा नसणं आणि वाया जाणं ही दोन्ही होती. दुकानाला हे दिसलं, तर यजमानांनाही दिसेल.

आता टूथपेस्ट. ती नासत नाही, म्हणजे वर्ष-दोन वर्षं तरी नाही. ती तुम्ही एरवीही घेतलीच असती. आणि घरात जास्त ट्यूबा आहेत म्हणून कुणी दिवसातून पाच वेळा दात घासत नाही. हे तिन्ही जिथे जुळतं, तिथे अशी स्कीम ग्राहकाच्या खरोखर फायद्याची असते आणि ती न घेणं हा उगाचचा ताठा. फक्त अकरा जरा जास्त झाल्या. दोघांत एक ट्यूब दीड महिना पुरते असं धरलं तर हा साठा सोळा महिन्यांचा आहे. पैसे बुडाले नाहीत, कपाटात अडकले. तारखा तेवढ्या पाहून ठेवा आणि जुनी आधी काढा.

बिस्किटं, वेफर्स, थंड पेयं यांचं गणित याच्या नेमकं उलटं. ती जास्त आणली की जास्त खाल्ली जातात. फडताळात तीन पुडे असताना कोण एका पुड्याच्या मापाने खातं? इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये साखरेबद्दल जो अहवाल काढला, त्यात म्हटलं होतं की किमतीवरच्या सवलतींमुळे लोक जवळपास एक पंचमांश जास्त खाणं-पिणं विकत घेतात. याच धाग्याने पुढे जात इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२५ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या बऱ्याच पदार्थांवर मोठ्या दुकानांत 'एकावर एक फ्री' छाप योजनांना बंदी घातली. स्कॉटलंडने दारूच्या बाबतीत हे २०११ मध्येच केलं होतं. तिथे एका बाटलीवर सूट देता येते, पण दोन घेतल्या म्हणून जास्त सूट देता येत नाही. फरक बारीक आहे, पण मुद्द्याचा आहे. कायद्याचा आक्षेप स्वस्ताईवर नाही, जास्त घ्यायला लावण्यावर आहे.

यजमानांसाठी आणखी दोन गोष्टी. पाटीवरची टक्केवारी वाचण्याऐवजी शंभर ग्रॅमला किंवा शंभर मिलिलिटरला किती पडतं ते बघायचं. तीन छोट्या पुड्यांच्या स्कीमपेक्षा शेजारचा एक मोठा पुडा स्वस्त पडतो, असं वरचेवर घडतं. तो मोठा पुडा खालच्या फळीवर असतो आणि त्याला पाटी नसते. अशी प्रति-माप किंमत लिहिणं युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशाने आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या दुकानांत २००९ पासून सक्तीचं झालं. अक्षर बारीक असतं, चष्मा न्यावा. दुसरं, स्कीम लागण्याआधी एका नगाची किंमत काय होती, ते लक्षात ठेवायचं. आधी किंमत चढवायची आणि मग त्या चढ्या किमतीवर 'फ्री' लावायचं, ही जुनी युक्ती आहे. ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संघटनेने एप्रिल २०१५ मध्ये अशाच प्रकारांबद्दल तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार केली होती. प्राधिकरणाचा निष्कर्ष तसा मवाळ होता. सरसकट फसवणूक चालू आहे असं ते म्हणालं नाही, पण काही पद्धती ग्राहकांना चकवू शकतात हे मान्य केलं.

आणि बिल तपासायचं. मी स्वतः एकदा तीन शांपू मोठ्या ऐटीत घरी आणले. त्यातला एक वेगळ्या वासाचा, म्हणून तो स्कीममध्ये बसत नव्हता. तिन्हींचे पूर्ण पैसे लागले होते आणि मला ते रात्री पावती पाहिल्यावर कळलं. वास मात्र छान होता.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी बोलते. या योजनांचा फायदा ज्याच्याकडे आधीच थोडं जास्त आहे त्यालाच होतो. एकदम दोनाचे पैसे देण्याची ऐपत हवी, ठेवायला कपाट हवं, उचलून आणायला गाडी हवी, खायला माणसं हवीत. एकटी राहणारी म्हातारी एकच डबा घेते आणि त्याची पूर्ण किंमत देते. तुमच्या फ्री डब्याचा भार थोडा तिच्याही पिशवीवर असतो. याबद्दल तुमच्या यजमानांना दोष देत नाही. पण 'कुणाचं भलं होतं' असं विचारलंत, म्हणून सांगितलं.

आता भाऊ. इथे जरा बसून बोलू, कागद-पेन घ्या.

तीन बाटल्या एरवी ३०० ला जातात. स्कीममध्ये २०० ला जातील, म्हणजे सूट १००. अर्धी, म्हणजे ५०, भावाच्या वाट्याला. तीन बाटल्यांचे त्याला एरवी १८० मिळायचे, आता मिळतील १३०. आणि तीन बाटल्यांचा त्याचा खर्च आहे १३५.

झालं. पुढचं काही बघायची गरज नाही. प्रत्येक तिकडीमागे त्याचे ५ जाणार. हजार तिकड्या गेल्या तर ५,००० गेले, दहा हजार गेल्या तर ५०,०००. यजमान म्हणतात 'माल धडाधड जाईल', आणि तो जाईलही. त्यातच धोका आहे. भोकाच्या भांड्यात जास्त पाणी ओतलं तर जास्त गळतं.

दुकानाकडून हाच व्यवहार बघा. ज्या गिऱ्हाइकाने एरवी एक बाटली घेतली असती, त्याच्याकडून दुकानाला ४० सुटायचे. आता ते तीन घेतं आणि आपली अर्धी सूट सोसूनही दुकानाला १२० वजा ५०, म्हणजे ७० सुटतात. त्याच गिऱ्हाइकामागे भावाचे एरवी १५ सुटायचे, आता ५ जातात. 'अर्धं तुझं, अर्धं माझं' हे कानाला समान वाटतं. पण दुकानाकडे कापायला ४० चं कापड आहे आणि भावाकडे १५ चं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त आवळासुद्धा अर्धा भावाच्याच खिशातला. दुकान याला बदमाशी समजत नाही, बरं का. समोर बसलेला खरेदी-अधिकारी त्याचं काम करतोय. त्याच्या तक्त्यात तुमच्या भावाचा खर्च हा रकानाच नाही.

भाऊ इथे एक वाजवी हरकत घेऊ शकतो: ४५ मध्ये जागेचं भाडं आणि पगारही धरलेत, ते तर एरवीही द्यावेच लागतात. कबूल. समजा नुसता माल, बाटली, लेबल आणि वाहतूक मिळून ३२ होतात आणि त्याचं यंत्र अर्धा दिवस रिकामं असतं. मग तीन बाटल्यांवर १३० मधून ९६ जाऊन ३४ उरतात. एरवी याच तीन बाटल्यांवर, भाडं-पगार धरण्याआधी, ८४ उरायचे. म्हणजे नुसतं होतं तिथे राहायला त्याला नेहमीच्या अडीच पट माल विकावा लागेल. अडीच पटीच्या वर गेल्यावर पहिला नफा. आणि अडीच पट माल बनवायला ओव्हरटाइम लागला, तर तो ३२ चा आकडाही राहत नाही. सात-आठ माणसांच्या कारखान्यात हे सहा आठवडे झेपेल का, ते त्यालाच माहीत.

इथपर्यंत आपण फक्त त्या सहा आठवड्यांचं बोललो. खरी कळ सातव्या आठवड्यात येते. साबण टूथपेस्टसारखाच आहे, घरात जास्त आहे म्हणून कुणी जास्त हात धुत नाही. ज्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने तीन बाटल्या नेल्या, ते पुढचे कित्येक महिने त्या फळीकडे फिरकणार नाही. त्याला भावाने पुढच्या महिन्यांचा माल आजच, तोट्यात विकून टाकला. पूर्ण किमतीला नेहमी घेणारं गिऱ्हाईक, ज्याला सूट द्यायची काहीच गरज नव्हती, ते या स्कीमचा सगळ्यात जास्त फायदा उठवतं. तुमचे 'हे' त्याच जातीचे. अकरा ट्यूबा भरल्यापासून त्या टूथपेस्ट कंपनीला तुमच्या घरातून किती पैसे मिळाले, विचारा त्यांना.

मोठ्या कंपन्याही यात पोळल्या आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना डायपरच्या बाबतीत एक गंमत दिसली होती. बाळं रोज साधारण तेवढेच डायपर ओले करतात, पण कारखान्यापर्यंत येणाऱ्या ऑर्डरी मात्र कधी आभाळाला तर कधी पाताळात. असे झोके येण्याचं एक ठळक कारण म्हणजे सवलती. सूट लागली की सगळे साठा करतात, संपली की सगळे गप्प बसतात. मधल्या मध्ये बनवणाऱ्याची गोडाऊनं भरतात आणि रिकामी होतात. तुमच्या भावाकडे तर असा झोका पेलायला गोडाऊनही नसेल.

तर मग फायदा कधीच नसतो का? असतो. नवं गिऱ्हाईक मिळालं आणि ते टिकलं तर. दुसऱ्या कंपनीचा साबण वापरणाऱ्या माणसाने सुटीच्या मोहाने भावाचा घेतला, त्याला आवडला, आणि पुढे तो पूर्ण किमतीला घेऊ लागला, तर ते सोसलेले पैसे जाहिरातीवर खर्च केले असं समजायचं. यजमानांचं 'नाव होईल' हे म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण नव्या माणसाला ओळख करून द्यायला तीन बाटल्या कशाला? एक पुरते. तीन देऊन तुम्ही त्याची दुसरी आणि तिसरी खरेदीही सुटीतच उरकलीत. पूर्ण किमतीला तो परत येतो का, हे कळायलाच कितीतरी महिने जातील. एका बाटलीवर थोडी सूट, किंवा छोटी चाचणीची बाटली, हे यापेक्षा शहाणपणाचं. तीनची स्कीम शोभते ती ज्याला शेजारच्या कंपनीची फळी अडवायची आहे आणि त्यासाठी पैसे जाळायची ताकद आहे त्याला.

म्हणून भावाने सरळ नाही म्हणून दार आपटण्यापेक्षा दुसरा आकडा घेऊन जावं. उदाहरणार्थ, दोन घेतल्यास १० टक्के सूट. दोन बाटल्या २०० ऐवजी १८० ला. सूट २०, त्याचा वाटा १०. त्याला दोनामागे ११० मिळतील, सगळा खर्च ९०, उरतात २०. एरवी ३० उरायचे. म्हणजे जिथे शंभर जायच्या तिथे दीडशे गेल्या की तो होता तिथे आला. दीड पट हे माणसाच्या आवाक्यातलं आहे. आणि मुदत सहा नव्हे, दोन आठवडे.

काही गोष्टी मात्र कागदावर आल्याच पाहिजेत. स्कीम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुकान किती माल उचलेल असा अंदाज आहे. उरलेला माल कोणाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुटीच्या भावाने उचललेला माल दुकानाने स्कीम संपल्यावर पूर्ण किमतीला विकला, तर मधला फरक कोणाचा. हे शेवटचं नवशिक्या पुरवठादाराच्या डोक्यातच येत नाही. स्कीमच्या नावाने दुकान गरजेपेक्षा दुप्पट माल उचलतं, अर्धा सुटीत विकतं, उरलेला नंतर पाटी काढून १०० ला. भावाला मात्र सगळ्यावर सुटीचाच भाव मिळालेला असतो. म्हणून त्याने सूट बिलातून आधी कापून देऊ नये. काउंटरवर सुटीत प्रत्यक्ष जेवढ्या बाटल्या गेल्या तेवढ्यांचीच नंतर भरपाई देईन, असं म्हणावं. विक्रीचा आकडा दुकानाच्या संगणकात असतोच.

हे मागणं म्हणजे आगाऊपणा आहे असं त्याला वाटू देऊ नका. ब्रिटनमध्ये मोठ्या सुपरमार्केटसाठी २०१० पासून किराणा पुरवठ्याची आचारसंहिता आहे. त्यात नेमकं हेच आहे: सवलतीच्या खर्चाचा मुख्य भार पुरवठादारावर लादायचा नाही, ऑर्डर नीट अंदाज बांधून द्यायची, आणि सुटीच्या भावाने जास्तीचा माल उचलून नंतर चढ्या भावाने विकला तर फरक भरून द्यायचा. ती पाळली जाते का हे बघायला २०१३ च्या कायद्याने वेगळा लवादही नेमला. तुमच्या भावाच्या गावी असा कायदा असो की नसो, ही कलमं त्याच्या करारात घालायला कुणाची बंदी नाही.

फ्रान्सने तर मुळावरच बोट ठेवलं. २०१९ पासून तिथे खाद्यपदार्थांवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही, आणि सुटीत विकायचा मालही एकूण मालाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. मार्च २०२४ मध्ये ३४ टक्क्यांचा नियम साबण, डिटर्जंट अशा वस्तूंनाही लावला होता. 'एकावर एक फ्री' म्हणजे ५० टक्के, ते बाद. 'दोनावर एक फ्री' म्हणजे ३३.३ टक्के, ते काठावरून आत. तेव्हा भावाला मिळालेला प्रस्ताव तिथल्या नियमातही बसला असता. नियमात बसला असता आणि तरी त्याला बुडवून गेला असता, कारण कायदा टक्के मोजतो, भावाचे १३५ मोजत नाही.

दुकान म्हणेल, ही स्कीम नाही केलीस तर तुझी फळी दुसऱ्याला देऊ. म्हणू शकतं. मग भावाने स्वतःला विचारायचं की तोट्यात राखलेली फळी किती महिने राखणार. दर तिमाहीला असं सहा आठवडे करावं लागलं, तर वर्षातला जवळपास निम्मा काळ तो तोट्यात विकेल. आणि गिऱ्हाइकाला एकदा ६६ ची सवय लागली की १०० ला बाटली उचलताना त्याचा हात अडखळतो. ते पुढच्या पाटीची वाट बघत बसतं. छोट्या धंद्यात एकाच दुकानावर किती विक्री अवलंबून ठेवायची हा वेगळा विषय आहे. त्यासाठी भावानेच मला पत्र लिहावं.

एक संध्याकाळ दोघांना एका टेबलावर बसवा. 'डोळे मिटून हो म्हण' हा सल्ला तुमच्या यजमानांचा आहे, तेव्हा कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात द्या आणि १३० मधून १३५ त्यांनाच वजा करू द्या. ते करत असताना दह्याचा विषय काढू नका. तो दुसऱ्या दिवशी, फ्रिज उघडून.